एका रेणूच्या तारेतून करंट जातो म्हणजे नक्की काय होतं?

वाइंडर:

नमस्कार मंडळी. मोटर भरायचं काम करतो, बावीस वर्षं झाली. तार दोन बोटांत धरली की गेज सांगतो, मायक्रोमीटर नंतर. शिक्षण थोडं, वाचायची खोड मोठी. प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

लेक रसायनशास्त्र शिकते. परवा तिच्या वहीत एक चित्र पाहिलं. डावीकडे सोन्याचं टोक, उजवीकडे सोन्याचं टोक आणि मधोमध बेंझीनचा एकुलता एक षटकोन, दोन्ही बाजूंना गंधकाचा एकेक अणू लावून सोन्याला चिकटवलेला. खाली लिहिलं होतं, 'एकरेणू तार'. मी विचारलं, हिचा रेझिस्टन्स किती? ती म्हणाली, "बाबा, तुमचा ओहम इथे चालत नाही." तिच्यापुरता विषय संपला, माझी झोप उडाली.

चार दिवस जमेल तसं वाचतोय आणि तीन ठिकाणी अडलोय. तार दुप्पट केली की रेझिस्टन्स दुप्पट, हे मी आजवर डोळे मिटून मानत आलो. इथे म्हणे साध्या कार्बनच्या साखळीत एक कार्बन वाढवला की रेझिस्टन्स सुमारे अडीचपट. प्रत्येक कार्बनला अडीचपट! ही कुठली तार? दुसरं, मध्ये रेणू नसेना का, नुसता सोन्याचा एक अणू धरला तरी १२.९ किलोओहम भरतात. सोनं आणि तेरा किलोओहम? मी मीटर बदलला असता. तिसरं पोटापाण्याचं. एवढ्या रेझिस्टन्समधून करंट सोडल्यावर ते जळत कसं नाही? माझा निम्मा धंदा जळण्यावर चालतो.

समीकरणं टाकलीत तरी चालतील, सोबत मराठीतही सांगा.

उगाच:

'येथे जळालेले रेणू भरून मिळतील' अशी पाटी रंगवायला घ्या. (ह.घ्या.) प्रश्न मात्र जबरी आहे. जाणकार येईपर्यंत मी इथे चटई टाकतो.

टोकाची बाई:

वाइंडर, तुमच्या धाग्यासाठी लॉगिन केलं. पासवर्डसुद्धा विसरले होते.

चार वर्षं मी हेच केलं. सोन्याच्या दोन टोकांमध्ये रेणू अडकवायचा, तो सुटेपर्यंत ओढायचा आणि परत पहिल्यापासून. दिवसाला काही हजार वेळा. ओढणारं यंत्र होतं, पण वैतागणारी मी होते.

आधी एक गैरसमज काढू. रेणू कोणी चिमट्यात धरत नाही. पाव मिलिमीटर जाडीची सोन्याची तार घ्यायची आणि कात्रीनं तिरपी कापायची. झालं टोक. लोकांना वाटतं फार सूक्ष्म काहीतरी कोरीवकाम असेल. नसतं. कात्रीनं कापलेल्या टोकावर एखादा अणू इतरांपेक्षा पुढे आलेला असतोच, आणि तसा नसला तरी पुढे तो ओढून काढायचाच आहे. हे टोक पिझोवर बसवायचं. पिझो म्हणजे असा सिरॅमिक की ज्याला व्होल्टेज दिलं की तो अगदी किंचित लांबतो. एका अणूच्या जाडीपेक्षाही कमी हलवता येतो. खाली सोन्याचा मुलामा दिलेला सपाट तुकडा. टोक त्यात रुतवायचं आणि हळूहळू मागे घ्यायचं. दोघांमध्ये एक दशांश व्होल्ट लावलेला असतो आणि आपण फक्त करंट बघत बसायचं.

चिकणमातीचा गोळा दोन हातांनी ओढला की मधली मान बारीक होत जाते ना, सोन्याचं तसंच होतं. आणि इथे पहिली गंमत. करंट सरसर घसरत नाही, पायऱ्यांनी उतरतो. साधारण तीन, मग दोन, मग एक, अशा पटीत. एकच्या पायरीवर मानेत सोन्याचा एकच अणू उरलेला असतो. त्या एकची किंमत ७७.५ मायक्रोसीमेन्स (सीमेन्स म्हणजे वाहकतेचं माप, ओहमच्या उलट). उलटी करा, तुमचे १२.९ किलोओहम. मीटर बदलू नका, बरोबर आहे तो.

यानंतर मान तुटते. भांड्यात नुसतं द्रावक असेल तर करंट बघता बघता नाहीसा होतो. द्रावकात रेणू मिसळलेले असतील तर कधी कधी, प्रत्येक वेळी नाही, करंट खाली येऊन एका नव्या पायरीवर थबकतो. ही पायरी आधीच्या शेवटच्या पायरीच्या शंभरपट, हजारपट खाली असते. तुटलेल्या मानेच्या फटीत एक रेणू दोन्हीकडे हात देऊन लोंबकळतोय. आणखी थोडं ओढलं की त्याचाही हात सुटतो.

प्रत्येक पायरी थोडी वेगळी येते, कारण रेणू प्रत्येक वेळी वेगळ्या अणूला, वेगळ्या कोनात चिकटतो. म्हणून हजारो आलेख एकावर एक रचायचे. ज्या किमतीवर ढीग उंच होतो ती त्या रेणूची वाहकता. ही ओढाओढीची रीत शू आणि ताओ यांनी २००३ मध्ये दाखवली. त्याआधी १९९७ मध्ये रीड आणि टूर यांच्या गटांनी तुमच्या लेकीच्या वहीतल्याच रेणूवर, दोन गंधकवाल्या बेंझीनवर, असं मोजमाप केलं होतं. तिथे सोन्याची तार वाकवून तोडली होती.

आम्ही हे रात्री करायचो. दिवसा इमारतीतली लिफ्ट हलली तरी आलेखात दिसायची. माझी पहिली खरी पायरी पहाटे तीनला दिसली आणि सांगायला कोणी नव्हतं. आणि हेही सांगते, एकदा पंधरा दिवस मी एका नव्याकोऱ्या रेणूच्या पायऱ्या बघून नाचत होते. इतक्या सुबक की मीच भाळले. शेवटी रेणू न घालता नुसतं द्रावक टाकून पाहिलं. पायऱ्या तशाच! टेफ्लॉनच्या भांड्याच्या खाचेत माझ्या आधीच्या विद्यार्थ्याचं बायपिरिडीन बसलं होतं. पंधरा दिवस मी त्याचा रेणू मोजत होते. रिकामी चाचणी आधी करायची असते, हे मीच नव्या मुलांना शिकवत असे.

आता मुद्द्यावर. 'तार' या शब्दानं घोळ केलाय. तुमची ती साधी कार्बनची साखळी, अल्केन, ही तार नाहीच. केबलवरचं पॉलिथिलीनचं आवरण तुम्ही रोज सोलता ना? तीच साखळी, फक्त हजारो कार्बनची. आम्ही तिचा आठ कार्बनचा तुकडा घेतो आणि त्याच्या आरपार करंट मोजतो. म्हणजे तुम्ही ज्याला तार म्हणताय ते इन्सुलेशन आहे, इतकं पातळ की गळतंय. आम्ही मोजतो ती गळती.

गळती का होते? धातूत इलेक्ट्रॉन एका ठरावीक उंचीपर्यंत भरलेले असतात, टाकीत पाणी असावं तसे. ती फर्मी पातळी. रेणूत मात्र सलग पाणी नसतं, ऊर्जेच्या सुट्या पायऱ्या असतात (मघाच्या करंटच्या पायऱ्या वेगळ्या). शेवटची भरलेली पायरी फर्मी पातळीच्या खाली, पहिली रिकामी पायरी तिच्या वर. सोन्यातला इलेक्ट्रॉन येतो तो या दोन पायऱ्यांच्या मधल्या उंचीवर. तिथे रेणूत त्याला पाय टेकायला जागा नाही. पण इलेक्ट्रॉन ही लाट आहे आणि लाट भिंतीशी येऊन एकदम शून्य होत नाही. आत शिरते आणि विरत जाते. प्रत्येक कार्बनमागे ती ठरावीक हिश्शानं विरते, म्हणून अडीचपट, परत अडीचपट, परत अडीचपट. चार कार्बन वाढवले की जवळजवळ चाळीसपट, आठ वाढवले की दीड हजारपट. बेरजेचा रेझिस्टन्स टकरांतून येतो, हा गुणाकाराचा विरण्यातून. याला टनेलिंग म्हणतात. बोगदा वगैरे काही नसतो हं.

मध्ये रेणूच नसता, नुसती पोकळी असती, तर दर ०.१ नॅनोमीटरला करंट जवळजवळ दहापट घटला असता. साखळीत एक कार्बन त्याहून थोडी जास्त जागा घेतो आणि तरी अडीचपटच घट. म्हणजे इन्सुलेशन असलं तरी काहीच नसण्यापेक्षा खूप बरं.

बेंझीनची गोष्ट वेगळी. त्यातले काही इलेक्ट्रॉन एकाच बंधाशी बांधलेले नसतात, पूर्ण कड्यावर पसरलेले असतात. पायऱ्या एकमेकींच्या जवळ, फर्मी पातळी त्यांच्यापासून फार दूर नाही. लाट सावकाश विरते. दोन टोकांना गंधकाऐवजी अमाइन, म्हणजे नायट्रोजनवाला गट, लावलेला बेंझीन साधारण दोन मेगओहम भरतो. तुमच्या मेगरवर, इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर, एवढेच भरले तर तुम्ही ती मोटर नापास केली असती की नाही ते तुम्हीच सांगा.

राहिला तेरा किलोओहमचा प्रश्न. तांब्यात इलेक्ट्रॉन एका टकरीपासून दुसऱ्या टकरीपर्यंत सुमारे ४० नॅनोमीटर जातो. आमची अख्खी फट एखाद्या नॅनोमीटरची. टक्कर द्यायला वेळच मिळत नाही. मग हा रेझिस्टन्स कुठला? फाटकाचा. मैदानभर माणसं आहेत आणि बाहेर जायला एकच चिंचोळं फाटक. फाटकातून जाताना कोणी कोणाला धक्का देत नाही, दार गुळगुळीत आहे, तरी एका मिनिटात ठरावीकच माणसं बाहेर पडणार. सोन्याचा एक अणू म्हणजे असं एक फाटक, पूर्ण उघडं. रेणू म्हणजे किलकिलं. लँडाउअरनं १९५७ मध्ये हे मांडलं: किती फाटकं आहेत आणि प्रत्येकातून पलीकडे जाण्याची शक्यता किती, एवढंच विचारा. शक्यता गुणिले ७७.५ मायक्रोसीमेन्स, झाली वाहकता. या आकड्यात सोन्याचा काहीही संबंध नाही. इलेक्ट्रॉनच्या प्रभाराच्या वर्गाची दुप्पट भागिले प्लँकचा स्थिरांक, बस्स.

जळण्याचं उद्या लिहिते, आता डोळे मिटतायत.

वाइंडर:

बाई, दंडवत. 'गळकं इन्सुलेशन' वाचलं आणि उठून लेकीला हाक मारली. ती म्हणते, मी हेच सांगत होते. मुळीच सांगत नव्हती.

पण जळण्याचं तोवर मीच गणित करून पाहिलं आणि आणखी घाबरलो. तुमची हजारपट खालची पायरी धरली, म्हणजे तेरा मेगओहम. एक दशांश व्होल्टला करंट साडेसात-आठ नॅनोअँपिअर. हसू आलं. मग रेणूची जाडी काढली, पाव चौरस नॅनोमीटर धरली. मोटरीत मी चौरस मिलिमीटरला पाच-सहा अँपिअरच्या वर जात नाही. इथे येतात तीस हजार अँपिअर! तीनदा शून्यं मोजली. तीस हजाराला तांब्याची वाफ होईल. हा रेणू जातो कसा नाही?

टोकाची बाई:

शून्यं बरोबर आहेत. मी पहिल्यांदा काढलं तेव्हा मीही तीनदा मोजली होती.

तोच करंट आता इलेक्ट्रॉनांत मोजा. ७.७ नॅनोअँपिअर म्हणजे सेकंदाला सुमारे ४८ अब्ज इलेक्ट्रॉन. ऐकायला धबधबा वाटतो. उलटा करा, दर २० पिकोसेकंदांना एक. आणि इलेक्ट्रॉनला फट ओलांडायला लागणारा वेळ फेम्टोसेकंदांत मोजायचा, म्हणजे पिकोसेकंदाच्या हजाराव्या भागांत. वीस हजार फेम्टोसेकंदांत एकदा कोणीतरी येतं आणि दिसायच्या आत पलीकडे जातं. बाकी सगळा वेळ रेणू जाणाऱ्या-येणाऱ्याविना पडून. 'प्रवाह' म्हणताना माझी जीभ अडखळते ती यामुळे.

आता जळण्याचं. तुमची मोटर जळते कारण इलेक्ट्रॉन वाटेत तांब्याच्या अणूंना धडकून आपली ऊर्जा तारेतच टाकतो. इथे वाटेत बहुतेक वेळा तो काहीच टाकत नाही. एक दशांश व्होल्टची जी जादा ऊर्जा घेऊन निघाला ती तशीच घेऊन पलीकडच्या सोन्यात उतरतो आणि तिथे, टोकाच्या आसपासच्या सोन्यात, ती हळूहळू सोडतो. तो ज्या जागेवरून उठला तिथे मागच्या सोन्यात एक पोकळी राहते, ती भरताना तिकडेही थोडी उष्णता. एकूण हिशोब एक नॅनोवॉटपेक्षाही कमी, आणि तो झेलायला दोन्हीकडे धातूचे डोंगर. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या गटानं टोकातच तापमापी बसवून हे मोजलं. त्यात आणखी एक निघालं. रेणू मध्ये असला की दोन्ही सोन्यांत उष्णता सारखी पडत नाही, एक बाजू जास्त तापते आणि करंटची दिशा बदलली की दुसरी. नुसत्या सोन्याच्या अणूत असा भेदभाव दिसत नाही.

रेणू अमर आहे असं मात्र समजू नका. व्होल्टेज वाढवत नेलं की जाता जाता इलेक्ट्रॉन रेणूला हादरे द्यायला लागतो, बंध थरथरतात. एका व्होल्टच्या आसपास माझे बरेच जोड सुटायचे. पण तुटायचं ते बहुधा रेणूत नाही, सोन्यापाशी.

चौकस:

वाचतोय, छान चाललंय. शंका काढणं हा माझा स्वभाव, राग मानू नका. फटीत एकच रेणू आहे हे कशावरून? दोन असतील, तीन असतील. कोणी पाहिलंय?

टोकाची बाई:

राग कसला, परीक्षकांनी हाच प्रश्न पहिला विचारला होता.

पाहिलं कोणीच नाही. पण दोन रेणू शेजारी शेजारी लागले तर वाहकता दुप्पट व्हायला हवी, तीन लागले तर तिप्पट. शू आणि ताओंच्या ढिगात तशी शिखरं दिसली, एक, दोन, तीनच्या पटीत. सगळ्यात खालचं ते एकट्याचं. दुसरी साक्ष पायरीच्या लांबीची. रेणू लांब असेल तर तो सुटायच्या आत जास्त ओढता येतो, पायरी लांब होते. सोन्याची मान तुटल्यावर टोकं झटक्यानं मागे सरतात आणि निम्म्या नॅनोमीटरहून मोठी फट आपोआप पडते, ती यात धरावी लागते. ती धरली की लांबी रेणूशी जुळते. तिसरी साक्ष २००२ मधली, मला सगळ्यात आवडते ती. प्लॅटिनमच्या दोन टोकांत हायड्रोजनचा एक रेणू पकडला आणि त्याच्या कंपनाची खूण करंटमध्ये सापडली. हायड्रोजनऐवजी ड्यूटेरिअम घेतला की खूण सरकते, कारण तो दुप्पट जड. आणि गंमत म्हणजे तो हायड्रोजन जवळजवळ पूर्ण उघडं फाटक निघाला.

एखाद्या सुट्या आलेखाबद्दल मात्र कोणी शपथेवर सांगू नये. ढिगाबद्दल सांगावं.

तिसरा फ्लास्क:

उशिरा आलो. मी ओढणारा नाही, करणारा. हे रेणू बनवून टोकाच्या बाईंसारख्यांच्या हाती देणं हे माझं काम होतं. आठ महिने घालून एखादा रेणू करायचा, कुपीत घालून पाठवायचा आणि तिकडून निरोप यायचा, "पायरी दिसत नाही, आलेखात नुसती खरखर आहे." त्या आठ महिन्यांत गंधकवाल्या रेणूंचा वास सहन केलेला असतो. थायॉलचा वास कपड्यांतून जात नाही, घरातले लांबून बोलायचे. वर ते थायॉल हवेत ठेवलं की दोन-दोन गंधक आपसात जुळून बसतात, म्हणून त्यांना ॲसिटिलचं झाकण घालून पाठवायचं. अमाइनची टोकं आली आणि आम्ही सुटलो. मोजणारेही खूश, कारण अमाइन सोन्याच्या उघड्या पडलेल्या अणूलाच हलकेच धरतं, पायऱ्या एकसारख्या येतात.

वाइंडर, तुम्हाला कामाची वाटेल अशी एक गोष्ट. रेझिस्टन्स रेणूचा नसतो, जोडणीचा असतो. बेंझीनचा तोच षटकोन घ्या. दोन टोकं समोरासमोरच्या कोपऱ्यांना लावली तर करंट जातो. तीच दोन टोकं एक कोपरा सोडून लावली, म्हणजे सोन्यापासून सोन्यापर्यंतचं अंतर उलट कमी झालं, तर करंट कितीतरी घटतो, कधी दहापट, कधी त्याहून जास्त. तुमच्या ओहमला विचारलं तर तो म्हणेल, वाट जवळची झाली, करंट वाढायला हवा.

ढोबळ चित्र असं. समोरासमोर लावलं की कड्याच्या दोन्ही बाजूंनी वाट सारखीच, तीन-तीन बंधांची. लाटेचे दोन भाग पलीकडे एकत्र येतात तेव्हा पाय जुळलेले असतात. कोपरा सोडून लावलं की एक वाट दोन बंधांची, दुसरी चार बंधांची. एकाचा डावा पाय, दुसऱ्याचा उजवा. दोन्ही मिळून एकमेकांना पुसून टाकतात. हे व्यतिकरण. खरा हिशोब याहून गुंतागुंतीचा आहे, पण खडूनं फळ्यावर काढायला हे पुरतं. २०१२ मध्ये अँथ्राक्विनोनच्या तारेत हेच स्वच्छ दिसलं. जवळजवळ त्याच लांबीच्या, त्याच बांध्याच्या अँथ्रासीनपेक्षा कितीतरी कमी करंट. फरक काय, तर मधल्या कड्यावर ऑक्सिजनचे दोन अणू.

आणि पिळाचं. दोन बेंझीन एका बंधानं जोडले की ते एकमेकांशी कोन करून बसतात. शेजारचे हायड्रोजन बदलून तो कोन कमीजास्त करता येतो. २००६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात लता वेंकटरामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा वेगवेगळ्या पिळाच्या रेणूंची मालिका मोजली. दोन्ही कडी एका पातळीत असली की करंट सगळ्यात जास्त, पीळ वाढेल तसा कोसाइनच्या वर्गानं कमी. लांबी तीच, अणू जवळजवळ तेच. तांब्याची तार पिळून तुमचा रेझिस्टन्स असा कधी बदलला होता का?

वाइंडर:

तार पिळून नाही बदलला, पण लेकीनं शेजारी बसून हे वाचलं आणि म्हणाली, आता तुम्हाला पटलं ना. पटलं. कोपरा सोडून जोडल्यावर अंतर कमी होऊन करंट घटतो, हे मी दोन दिवस डोक्यात घोळवत होतो. तीन-तीन आणि दोन-चार मोजलं तेव्हा बसलं.

एकच विचारतो. गुणाकारानंच विरायचं असेल तर लांब तार कधी होणारच नाही. पाच-दहा नॅनोमीटरला काहीच उरणार नाही. मग एवढी माणसं या मागे का आहेत?

टोकाची बाई:

कारण लांब रेणूत इलेक्ट्रॉन दुसरी युक्ती करतो. एका झेपेत जमत नाही म्हटल्यावर थांबत थांबत जातो. रेणूच्या एका भागावर खरोखर उतरतो, क्षणभर टेकतो, आजूबाजूचे अणू त्याच्याशी जुळवून घेतात, मग पुढच्या भागावर उडी. २००८ मध्ये मिनेसोटातल्या फ्रिस्बी यांच्या गटानं रेणू कडीकडीनं वाढवत नेऊन हे पकडलं. साधारण ४ नॅनोमीटरपर्यंत रेझिस्टन्स गुणाकारानं चढला आणि तिथून पुढे बेरजेनं. (त्यांच्या टोकाखाली एका वेळी बरेच रेणू होते, एक नव्हता, चौकस यांच्यासाठी नोंद.) आखूड तारेला तापमानाचं सोयरसुतक नव्हतं. लांब तार मात्र गरम केली की जास्त करंट देऊ लागली, कारण उडी मारायला ऊब लागते.

म्हणजे लेकीला सांगा, चार नॅनोमीटरच्या पुढे बाबांचा ओहम परत चालतो. लांबीपुरता तरी. तापमानाच्या बाबतीत तुमचं तांबं नेमकं उलटं वागतं.

आणि लांबी वाढली की करंट वाढतो असेही रेणू आता आहेत. २०२२ मध्ये कोलंबियातल्याच लोकांनी दोन्ही टोकांना नायट्रोजनवाले गट असलेले रेणू घेऊन त्यांतून इलेक्ट्रॉन काढून घेतले. अशा रेणूच्या दोन्ही टोकांपाशी एकेक जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन उरतो आणि ऊर्जेची पायरी फर्मी पातळीच्या अगदी जवळ येते. काही कडी वाढवेपर्यंत वाहकता चढते, मग तीही उतरायला लागते. मी असताना हे कोणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, आधी भांडं धुवा.

उगाच:

चटई गुंडाळतो. एक फालतू प्रश्न राहिला, बाई. ती सोन्याची तार कापायची कात्री कसली असते? हिऱ्याची?

टोकाची बाई:

साधी, स्टीलची. फक्त तिला दुसरं काही कापू द्यायचं नाही. आमच्याकडे तिच्या मुठीला लाल चिकटपट्टी गुंडाळली होती आणि ती माझ्या खणात कुलपात असायची. तरी एकदा कुणीतरी तिनं खोका उघडला. त्या आठवड्यात माझ्या एकाही आलेखात धड पायरी नाही. मी नवी आणली आणि जुनी त्याच्या टेबलावर ठेवून आले, लाल पट्टीसकट.